तक्ता, यादी आणि मधले रिकामे खाने

विभाग, जिल्हा आणि तालुका दाखवणारं एक साधंसं पान. तीन रकाने. डाव्या रकान्यात 'कोकण' एकदाच लिहिलेलं, मधल्यात 'सिंधुदुर्ग' एकदाच, आणि उजवीकडे आठ तालुके एकाखाली एक. डोळ्यांना त्यात काही खटकत नाही. हेच पान एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पान बोलून वाचून दाखवणारा प्रोग्राम, लावून, पडदा बंद करून ऐकलं की मात्र भलतंच ऐकू येतं. पहिल्या ओळीत कोकण, सिंधुदुर्ग, सावंतवाडी. दुसऱ्या ओळीत रिकामं, रिकामं, कणकवली. तिसऱ्या ओळीत रिकामं, रिकामं, कुडाळ. वैभववाडीपर्यंत पोचता पोचता हा तालुका कुठल्या जिल्ह्यातला, हे ऐकणाऱ्याने स्वतःच लक्षात ठेवायचं असतं. मधे फोन वाजला, दार उघडायला उठावं लागलं, की धागा सुटला. मग उलट्या दिशेने एकेक खाना चढत वर जायचं आणि जिथे पहिला शब्द सापडेल तिथे थांबायचं. 'रिकामं, रिकामं' ही जोडी त्यानंतर बराच काळ कानात घोळत राहते.

पान बनवणाऱ्याची चूक तशी समजण्यासारखी आहे. त्याच्यासमोर माहिती आली तीच स्प्रेडशीटमधून, आणि स्प्रेडशीटमध्ये सगळंच चौकटीत असतं. ती चौकट त्याने उचलून जशीच्या तशी पानावर ठेवली. पण या माहितीत चौकट मुळात नाहीच. महाराष्ट्रात ६ विभाग आहेत आणि त्यांत मिळून ३६ जिल्हे: कोकणात ७, पुण्यात ५, नाशिकला ५, छत्रपती संभाजीनगरला ८, अमरावतीला ५, नागपूरला ६. प्रत्येक जिल्ह्याच्या पोटात तालुके, आणि तेही कुठे किती याला धरबंध नाही. मुंबई उपनगरात तीनच, सिंधुदुर्गात ८, रत्नागिरीत ९. इथे एकच नातं आहे, कोण कोणाच्या पोटात. हे नातं सांगायला एचटीएमएलमध्ये, म्हणजे पान बांधायच्या खुणांच्या भाषेत, यादीतली यादी आहे. तिला मी पोटयादी म्हणतो, पोटकलम म्हणतात तसं.

ती नीट बांधली की स्क्रीन रीडर आपणहून सांगतो: यादी, सहा घटक. कोकण. यादी, सात घटक. पुढे सिंधुदुर्ग. यादी, आठ घटक. जॉजसारखे रीडर आपण कितव्या थरात आहोत हेही सांगतात. आतली यादी संपली की 'यादीबाहेर' असा इशारा मिळतो. किती तालुके ऐकायचे बाकी आहेत याचा अंदाज सुरुवातीलाच येतो, आणि नको असतील तर पुढच्या घटकावर उडी मारता येते. एनव्हीडीएमध्ये एल दाबलं की पुढची यादी, आय दाबलं की यादीतला पुढचा घटक, टी दाबलं की पुढचा तक्ता. या तीन कळांवर कुणाचा तरी अख्खा दिवस चालतो. पानाखालच्या खुणा खोट्या असतील तर या कळा त्याला भलतीकडे नेऊन सोडतात.

नीट बांधली की, असं म्हणालो, कारण पोटयादीत एक चूक इतकी सर्रास होते की ती चूक वाटेनाशी झाली आहे. 'कोकण'चा एलआय (यादीतल्या एका घटकाची खूण) आधी बंद करतात आणि त्यानंतर आतला यूएल (अख्ख्या यादीची खूण) उघडतात. म्हणजे यूएलच्या थेट पोटात यूएल. ब्राउझर तक्रार करत नाही, पडद्यावर तर ते हवं तसंच दिसतं: जिल्हे विभागाच्या खाली, थोडे आत सरकलेले. पण नियमाप्रमाणे यूएलची थेट लेकरं एलआयच असायला हवीत. इथे जिल्ह्यांची यादी कोकणाच्या पोटात गेलेलीच नसते, ती कोकणाच्या शेजारी बसलेली असते. योग्य क्रम असा: एलआय उघडा, 'कोकण' लिहा, एलआय बंद न करता आतला यूएल उघडा, सातही जिल्हे त्यात घाला, यूएल बंद करा आणि मगच कोकणाचा एलआय बंद करा. बंद करायची खूण एक ओळ वर चढली की नातं तुटतं. खुणा तपासणारा व्हॅलिडेटर ही चूक एका झटक्यात पकडतो, पण तो चालवतंय कोण!

आता याच जिल्ह्यांची दुसरी माहिती घ्या. कुणीतरी तीही यादीतच बांधतं: सिंधुदुर्ग, आणि त्याच्या पोटात 'क्षेत्रफळ: ५,२०७ चौ. किमी', 'लोकसंख्या: ८,४९,६५१'. मग रत्नागिरी, पुन्हा 'क्षेत्रफळ: ८,२०८ चौ. किमी', 'लोकसंख्या: १६,१५,०६९'. मग गडचिरोली, 'क्षेत्रफळ: १४,४१२', 'लोकसंख्या: १०,७२,९४२'. आकडे २०११ च्या जनगणनेचे. ३६ जिल्हे म्हणजे 'क्षेत्रफळ' ३६ वेळा आणि 'लोकसंख्या' ३६ वेळा. आणि वाचणाऱ्याला जे करायचं आहे, म्हणजे लोकसंख्येवरून बोट खाली फिरवत कुठला जिल्हा मोठा आणि कुठला विरळ हे पाहणं, तेच करता येत नाही. गडचिरोली सिंधुदुर्गाच्या पावणेतीनपट पसरलेला आहे आणि तिथली माणसं मात्र सव्वापटच आहेत, ही गंमत यादीत कुणाच्या लक्षातच येणार नाही. इथे प्रत्येक आकड्याला दोन धनी आहेत. '८,४९,६५१' हा आकडा सिंधुदुर्गचा आहे आणि तो लोकसंख्येचाही आहे. एकाचंच नाव सांगितलं तर तो अधांतरी राहतो. जिथे उत्तराला असे दोन्ही बाजूंनी हात लागतात, तिथे तक्ताच हवा.

तक्ता म्हणजे चौकोन काढून मोकळं होणं असंही नाही. टेबल उघडल्यावर सगळ्यात पहिला घटक कॅप्शन, म्हणजे तक्त्याचं नाव: 'कोकण विभागातील जिल्ह्यांचे क्षेत्रफळ आणि लोकसंख्या, २०११'. रीडर तक्त्यात शिरताना हे वाचतो, आणि शिरायचं की पुढे जायचं हे ऐकणारा तिथेच ठरवतो. वरच्या ओळीतले सगळे खाने टीएच, म्हणजे शीर्षकाचे खाने, त्यांना स्कोप 'कोल', म्हणजे हे शीर्षक रकान्याचं. प्रत्येक ओळीतल्या जिल्ह्याच्या नावाचा खानाही टीएच, त्याला स्कोप 'रो', म्हणजे हे शीर्षक ओळीचं. हे दुसरं बहुतेक जण विसरतात. नाव ठळक केलं म्हणजे झालं, असं त्यांना वाटतं. पण ठळकपणा कानाला ऐकू येत नाही. कंट्रोल आणि ऑल्ट धरून खालचा बाण दाबला की नव्या ओळीचं शीर्षक वाचलं जातं, उजवा दाबला की नव्या रकान्याचं. टीएच नसतील तर फक्त 'ओळ ९, रकाना ३' आणि मागे एक उघडावाघडा आकडा.

आणि आपल्याकडची एक खास गोष्ट: 'अ.क्र.'. सरकारी असो की सोसायटीचा, मराठी तक्ता अ.क्र. शिवाय सुरूच होत नाही. तो पहिला रकाना म्हणून सवयीने त्यालाच ओळीचं शीर्षक करतात. मग ऐकणाऱ्याला प्रत्येक आकड्याआधी '१७' ऐकू येतं, '१८' ऐकू येतं, जिल्ह्याचं नाव नाही. अ.क्र. ठेवायचा तर खुशाल ठेवावा, पण साध्या टीडीमध्ये, म्हणजे शीर्षक नसलेल्या खान्यात. ओळीचं शीर्षक दुसऱ्या रकान्यातलं नाव. टीएच पहिल्याच रकान्यात असला पाहिजे असा नियम कुठेही नाही.

मग माणसं खरा तक्ता सोडून यादीकडे का वळतात? त्याला जुना इतिहास आहे.

याद्या वेबच्या जन्मापासून आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या सुमारास मांडलेल्या पहिल्या मूठभर खुणांमध्ये यूएल, एलआय, अगदी डीएलसुद्धा (नाव आणि त्याची माहिती अशा जोड्यांची यादी) होते. तक्ता नव्हता. नोव्हेंबर १९९५ मध्ये आलेल्या एचटीएमएल २.० मध्येही तो नाही. ब्राउझर तोवर पुढे धावले होते. त्यानंतर मे १९९६ मध्ये डेव्ह रॅगेट यांच्या आरएफसी १९४२ या दस्तऐवजात तक्त्याची नीट मांडणी झाली आणि जानेवारी १९९७ मध्ये एचटीएमएल ३.२ च्या शिफारशीत तो आला. पण पानाचे दोन उभे भाग शेजारी-शेजारी ठेवायला तेव्हा दुसरं साधन जवळपास नव्हतंच. मग मथळा तक्त्यात, डावीकडचा मेनू तक्त्यात, बातमी तक्त्यातल्या तक्त्यातल्या तक्त्यात, आणि जागा रेटून धरायला एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र. मराठी वर्तमानपत्रांची त्या काळातली पानं ज्यांनी उघडली आहेत, त्यांना प्रत्येकाचा वेगळा फॉन्ट आणि हळूहळू चौकट-चौकट करत उलगडणारी ती पानं आठवत असतील. डिसेंबर १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ ने सांगितलं की निव्वळ मांडणीसाठी तक्ता वापरू नये. सीएसएस, म्हणजे पानाचं रूप आणि मांडणी ठरवणारी भाषा, रुळत गेलं तसं ते लोकांना पटलंही. पण पटताना वाक्याचा अर्धा भाग गळून पडला. 'मांडणीसाठी तक्ता नको' चं 'तक्ता नको' झालं. मग खरोखरच्या तक्त्यांचेही डिव (स्वतःचा अर्थ नसलेले नुसते डबे) आणि याद्या झाल्या, ज्या रंगरूपाने तक्त्यासारख्याच दिसत. त्या पिढीने जे शिकवलं तेच अजून शिकवलं जातंय, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मूळ आग्रह योग्य होता. आज सीएसएसमध्ये मांडणीसाठीच ग्रिड आहे, २०१७ च्या मार्चपासून मोठ्या ब्राउझरांत ते लागोपाठ आलं. पानाची मांडणी त्याने करावी आणि टेबलला त्याचं खरं काम परत द्यावं. मांडणीचा तक्ता आता फक्त ईमेलमध्ये टिकून आहे, कारण विंडोजवरचं आउटलुक २००७ पासून पत्र दाखवायला वर्डचं इंजिन वापरत आलं. तिथे नाइलाज असेल तर त्या टेबलला रोल (घटकाचं काम काय हे रीडरला सांगणारी नोंद) 'प्रेझेंटेशन' द्यायचा, म्हणजे रीडर ओळी-रकाने मोजत बसत नाही.

निवड करताना मी आधी रिकामे खाने बघतो. तक्त्यात ओळीमागून ओळ डावीकडचे खाने रिकामे असतील तर ते झाड आहे, म्हणजे एकाच्या पोटात दुसरं अशी माहिती, उगाच चौकटीत कोंबलेली. यादीत तेच ते शब्द प्रत्येक घटकात पुन्हा येत असतील तर तो तक्ता आहे, त्याची शीर्षकं फोडून यादीत वाटून टाकलेली. आणि शंका उरलीच तर मनातल्या मनात ओळींचे रकाने आणि रकान्यांच्या ओळी करून बघायच्या. जिल्हे वर आणि लोकसंख्या डावीकडे, तरी अर्थ तसाच राहतो. तालुके आणि जिल्हे असे उलटवताच येत नाहीत. एकाच गोष्टीची माहिती असेल, म्हणजे एका शाळेचं नाव, पत्ता, स्थापना, माध्यम, तर दोन्ही नको; तिथे डीएल पुरतो. डीटी (नाव) आणि डीडी (माहिती) यांची जोडी आता डिवमध्ये गुंडाळायलाही परवानगी आहे, त्यामुळे ती हवी तशी सजवता येते.

काही रिकामे खाने मात्र खरे असतात. बसचं वेळापत्रक घ्या: डावीकडे थांबे, वर फेऱ्या, खान्यात वेळ. जलद गाडी मधल्या थांब्यांवर थांबत नाही, म्हणून खाना रिकामा. हा तक्ताच आहे, शंका नाही. पण तो खाना रिकामा सोडू नये. रिकामं ऐकलं की वेळ टाकायची राहिली की गाडीच थांबत नाही, हे कळत नाही. नुसती आडवी रेघही काही रीडर गिळून टाकतात. 'थांबत नाही' असं लिहावं. जागा नसेल तर पडद्यावर रेघ आणि कानासाठी लपवलेले शब्द. 'सुटते' आणि 'पोचते' या वेळा एकाच खान्यात तिरकी रेघ मारून लिहू नयेत, दोन रकाने करावेत.

खुणा बरोबर लावूनही त्या पुढे सीएसएसमध्ये मोडतात, आणि हे चटकन लक्षात येत नाही. यादीचे ठिपके नको म्हणून लिस्ट-स्टाइल 'नन' केलं की सफारी ब्राउझर आणि ॲपलचा रीडर व्हॉइसओव्हर यांच्या जोडीत ती यादी यादी म्हणून ऐकू येईनाशी होते. नॅवच्या, म्हणजे मेनूसाठीच्या खुणेच्या, आतली यादी त्यातून सुटते. हे मुद्दाम केलेलं आहे, कारण लोक कशालाही यादी करत सुटले होते. यूएलला रोल 'लिस्ट' लिहिलं की ती परत येते. तक्त्याचं दुखणं मोबाइलवर सुरू होतं. अरुंद पडद्यावर प्रत्येक ओळीचं कार्ड करायचं म्हणून टीआर (ओळीची खूण) आणि टीडीला डिस्प्ले 'ब्लॉक' देतात. तसं केलं की ओळ-रकान्याचं नातं ब्राउझरच विसरतो. क्रोमने हे पुढे बरंच सावरलं, पण सगळ्या फोनांवर भरवसा ठेवता येत नाही. त्यापेक्षा तक्ता तक्ताच राहू द्यावा. त्याभोवती एक डिव, त्याला आडवा ओव्हरफ्लो 'ऑटो', टॅबइंडेक्स शून्य म्हणजे कीबोर्डनेही सरकवता येईल, रोल 'रीजन', आणि नाव कॅप्शनवरून घेतलेलं. देवनागरीसाठी आणखी एक काळजी. रकाना अरुंद झाला की 'ग्रामपंचायतनिहाय'सारखे लांब शब्द मावत नाहीत, आणि कुणीतरी वर्ड-ब्रेक 'ब्रेक-ऑल' लावून मोकळं होतं. मग शब्द कुठेही तुटतो, कधी जोडाक्षराच्या मधोमध: पाय मोडलेलं अक्षर वरच्या ओळीत आणि उरलेलं खाली. जोडाक्षर अखंड ठेवायचा नियम युनिकोडच्या अक्षर-गटांत आला तोच २०२३ च्या १५.१ आवृत्तीत. त्यामुळे ओव्हरफ्लो-रॅप वापरावं आणि पहिल्या रकान्याला आठ-नऊ एमची (एक एम म्हणजे फॉन्टच्या आकाराएवढं माप) किमान रुंदी द्यावी.

सगळ्यात कठीण जागा म्हणजे जिथे झाडही खरं आणि चौकटही खरी. अर्थसंकल्प. आपल्याकडच्या सरकारी हिशेबाचं शीर्ष सहा पायऱ्यांचं, १५ अंकी: मुख्य शीर्ष ४ अंक, उपमुख्य २, गौण ३, आणि त्याखालच्या तीन पायऱ्यांना दोन-दोन. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, त्यात ०१ प्राथमिक, ०२ माध्यमिक, ०३ विद्यापीठीय व उच्च शिक्षण. ०१ च्या पोटात १०१ शासकीय प्राथमिक शाळा. हे झालं झाड. आणि प्रत्येक पायरीवर रकमा: मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. ही झाली चौकट. इथे खान्यात दुसरा तक्ता घालणं किंवा तीन-चार रकाने पायऱ्यांसाठी रिकामे ठेवणं, दोन्ही मार्ग ऐकणाऱ्याला खड्ड्यात नेतात. मला पटलेली रीत अशी: मुख्य शीर्षाला पानावर एच२, उपमुख्य शीर्षाला एच३ आणि प्रत्येकाखाली स्वतंत्र तक्ता, स्वतःच्या कॅप्शनसह. म्हणजे झाडाच्या वरच्या फांद्या मथळ्यांनी पेलल्या आणि एच कळ दाबत त्यांवरून फिरता येतं. तक्त्यात उरते ती एखादी पायरी. गौण शीर्षाचा एक टीबॉडी (ओळींचा गट), त्याच्या पहिल्या ओळीत एकच टीएच, सगळे रकाने व्यापणारा, स्कोप 'रोग्रुप'. खाली उपशीर्षांच्या ओळी. आत सरकवणं फक्त सीएसएसच्या पॅडिंगने, मोकळ्या जागा टाकून नव्हे. आणि शीर्षांचे आकडे मजकूर म्हणून जपायचे, नाहीतर ०१ चा स्प्रेडशीटमध्ये १ होतो आणि तसाच पानावर उतरतो.

उलट दिशेने चुकणारी जागा म्हणजे कायदे आणि शासन निर्णय. तिथे मजकूर शुद्ध पोटयादीचा असतो, कलम, पोटकलम, खंड. पण क्रमांक सरळ रेषेत बसावेत म्हणून सगळं दोन रकान्यांच्या तक्त्यात टाकतात, डावीकडे क्रमांक, उजवीकडे मजकूर. ते पाहून कुणी म्हणतं, ओएल, म्हणजे क्रमांकांची यादी, वापरा, क्रमांक आपोआप येतील. तिथेही सांभाळायला हवं. ओएलच्या टाइपमध्ये १, रोमन आणि इंग्रजी अक्षरं एवढेच पर्याय आहेत. अ, ब, क किंवा क, ख, ग हवं तर सीएसएसमध्ये काउंटर-स्टाइल लिहावी लागते, आणि सीएसएस लागलं नाही की खंड 'ख'चा २ होतो. त्याहून मोठी अडचण दुरुस्त्यांची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम ४२ नंतर ४२अ, ४२ब, ४२क, ४२ड ही कलमं नंतर घातली गेली. ४२ पासून आपोआप मोजत जाणाऱ्या यादीत ती ४३ ते ४६ होतील, आणि बिनशेतीसाठी लोक ज्या ४४ चा हवाला देत आले ते कलम ४८ वर जाऊन बसेल. म्हणून क्रमांक हाताने, मजकुरातच लिहायचा. यादी राहू द्यायची, लिस्ट-स्टाइल 'नन', रोल 'लिस्ट', क्रमांकाचा स्पॅन ग्रिडच्या पहिल्या रकान्यात, मजकूर दुसऱ्यात, पोटकलमांची यादी त्याच एलआयच्या आत. आणि प्रत्येक एलआयला आयडी त्याच्या खऱ्या क्रमांकाचा द्यायचा, म्हणजे पुढच्या दुरुस्तीत ४२इ आलं तरी ४४ कडे नेणारा कुठलाही दुवा हलणार नाही.